सुंद्राबाईंचा आवाज

जेल रोडवरच्या माझ्या दुकानात त्या आल्या
तेव्हा मी एका टेपरेकॉर्डरचं पोट उघडून बसलो होतो.
पिशवीतून उशीचा अभ्रा निघाला,
अभ्र्यातून टॉवेल,
टॉवेलातून एक तबकडी, कडेला टवका उडालेली.
‘कॅसेटवर उतरवता येईल?’
एवढंच बोलल्या, आणि माझा हात थांबला.
हा आवाज मी ऐकला होता.
कुठे, ते काही आठवेना.

लेबलवर इंग्रजीत मिस सँडी गुड.
‘मीच ती. सुंद्रा धायगुडे.
वडील होळकरांच्या पलटणीच्या बँडात, क्लॅरिनेटवर.
श्वास बेंबीतून घ्यायचा, हे त्यांचं.
बाकी सगळं कायतान मास्तरांचं.
त्यांनी आडनावाचे दोन तुकडे केले,
गुड ठेवलं, धाय टाकून दिली.’

वाजवणारे तेरा, गाणाऱ्या या एकट्या.
शनिवारी संध्याकाळच्या मीटरगेजनं महू.
स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये लुगड्यात शिरायचं,
गाऊन घालून बाहेर पडायचं,
हमाल ओळखीचा, तो दुसरीकडे बघायचा.
इंग्रजी येत नव्हतं. गाणी देवनागरीत उतरवलेली,
वाण्याच्या लाल वहीत,
मागल्या पानांवर दुधाचा हिशेब.
डार्लिंग म्हणजे काय ते सहा महिन्यांनी कळलं.
तोवर शेकडो जणांना म्हणून झालं होतं.

पहाटे मिलचा भोंगा व्हायचा,
काळी चारच्या किंचित खाली.
भोंग्याला कोण सांगणार, भाऊ, जरा चढ म्हणून.
त्या त्यालाच धरून सा लावायच्या,
आणि चाळीतली माणसं डबे घेऊन निघायची.

एकदा पुढच्या टेबलावरचा एक गोरा पोरगा
हुंदके द्यायला लागला.
‘मला वाटलं, मी बेसूर झाले.
मास्तर पाठमोरेच म्हणाले, गात राहा,
सोमवारी त्याची पलटण ब्रह्मदेशाला चाललीय.’

मग लढाई संपली. संस्थान गेलं.
ट्रम्पेटवाला वरातीत दिसू लागला,
लाल डगल्यात, ओळख न देता.
मास्तरांचा मोठा ड्रम उधारीपोटी
सराफ्यातल्या एका मिठाईवाल्यानं ठेवून घेतला,
त्यावर बरीच वर्षं जिलेबीची परात असायची.
रडला असाल, मी म्हणालो.
‘धाय मोकलून रडायला धाय हवी ना,
ती महूलाच राहिली.’
आणि आपल्याच विनोदावर इतक्या हसल्या
की शेजारचा घड्याळवाला डोकावून गेला.

पुढची एकोणतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात.
नंबर प्लीज.
कानावर कापसाचे भाव, मुलगा झाला,
माल पाठवू नका, आई गेली, ताबडतोब निघा.
नंबर प्लीज.
मग एसटीडी आलं, लोक आपले आपण बोलू लागले.

त्या हे सांगत होत्या आणि मला आठवलं.
मी अकरा वर्षांचा, एम. वाय. हॉस्पिटलसमोर
औषधांच्या दुकानातल्या फोनला चिकटलेला,
खंडव्याच्या काकांना काय सांगायचं
ते पाठ करून आलेलो, आणि सगळं विसरलेलो.
खरखरीतून एक बाई म्हणाली होती,
‘लाइन सोडू नकोस रे. श्वास घे.
खालून. बेंबीतून.’

हे मी त्यांना सांगितलं नाही.
सुई टेकवली, कर्ण्यासमोर माइक ठेवला.
सुरुवातीला टवक्याचं टक, टक,
मग तेरा जणांचा एकदम उसळलेला गलका,
आणि त्यातून वर येत एकवीस वर्षांची मुलगी
न कळणाऱ्या भाषेत
कुणाला तरी जाऊ नको म्हणत होती.

कॅसेटचे पैसे त्यांनी मोजून दिले.
मी घ्यायला नको होते, पण घेतले.

एक प्रत मी ठेवली आहे, न विचारता.
तिच्यात दुसऱ्या कडव्यावर
सत्तरीतला एक आवाज मध्येच बोलतो,
‘इथे श्वास चोरलाय बघ.’
मग बाहेर कुणाची तरी लूना,
सुरू होत नाही, होत नाही.